खाडी शिकलेली पोरं

आमच्या मागच्या दारात उभं राहिलं की भरतीचं पाणी चढताना ऐकू यायचं. दिसायचं मात्र नाही. मध्ये आमची वाडी होती, वाडीच्या कुंपणापलीकडे भाताचं खाजण, खाडीला बांध घालून मिळवलेली शेतं, आणि खाजणाच्याही पलीकडे तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची, हिरवट काळी रेघ. ती रेघ म्हणजे आपल्या जगाची हद्द, असं मी कॉलेजात जाईपर्यंत धरून चालले होते. वाडीवाल्यांच्या पोरींनी खाडीत उतरायचं नाही, हा नियम कुणी सांगितला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. खाडी मासेमारांच्या मांगेलआळीची, नारळ, सुपारी, चिकू आमचे. मांगेलणी पाटी घेऊन दारात यायच्या, आई त्यांच्याकडून निवट्या, त्या चिखलात सरपटणाऱ्या मासोळ्या, घ्यायची, चिंबोऱ्या घ्यायची, घासाघीस करायची, आणि ते सगळं आम्ही तांदळाच्या भाकरीबरोबर मिटक्या मारत खायचो. पण ज्या चिखलातून ते आलं तो चिखल आमच्या पायाला लागता कामा नये. आता साठी उलटल्यावर ह्या गोष्टीचं हसू येतं. तेव्हा मात्र ती जगाची रीतच होती.

आमचं गाव चिंचणीच्या बाजाराला चालत जाता येईल इतक्या अंतरावर. सकाळी बाबा विहिरीवरचं इंजिन सुरू करायचे आणि त्याच्या टुकटुकीवर घर जागं व्हायचं. पाटातून पाणी वाहायचं, आई चुलीवर भाकऱ्या थापायची, थंडीत वालाच्या शेंगा, कंद, रताळी भरून उकडहंडी लावायची आणि तिचा वास अंगणभर पसरायचा. संध्याकाळी मात्र वारा फिरला की बोईसरकडून दुसराच वास यायचा. आंबूस, घशाला खवखव लावणारा. औद्योगिक वसाहत वाढत होती. आई तुळशीला दिवा लावताना पदर नाकाला लावायची, आणि बाबांचे चुलतभाऊ बाबूकाका ओटीवर पान लावत म्हणायचे, "वास येतो म्हंजे चुली पेटतायत लोकांच्या. नाकं मुरडू नका." बाबूकाका गावचे पुढारी. पंचायतीत त्यांचा शब्द चाले, वसाहतीतल्या साहेब लोकांकडे त्यांची ऊठबस होती, आणि गावातल्या दोन-चार पोरांना त्यांनी कारखान्यात चिकटवलंही होतं. त्यामुळे त्यांच्यापुढे नाक मुरडायची कुणाची छाती नव्हती.

मी शटल गाडीने पालघरला कॉलेजात जायची. तिथे वैद्य बाई आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी घोट्याच्या वर नेसणाऱ्या, आणि बोलायला लागल्या की खडू हातात आहे हे विसरून तो गालाला लावणाऱ्या. एकदा त्यांनी प्रत्येकाला उठवून विचारलं, की तुमच्या गावामागे काय आहे? माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "काही नाही बाई. नुसती खाडी आहे."

बाईंनी खडू खाली ठेवला. "काही नाही म्हणजे?"

"म्हणजे चिखल आहे. झुडपं आहेत."

"कसली झुडपं?"

मला सांगता येईना. वर्गात कुणी तरी हसलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "ज्याला तू काही नाही म्हणतेस ना शालिनी, त्याच्यावर उद्या कुणीही येऊन काहीही बांधेल. आणि तुला तोंड उघडता येणार नाही, कारण तिथे काय होतं ते तुलाच माहीत नसेल." त्या दिवशी हे मला मास्तरी बोलणं वाटलं. पुढे वर्ष-दीड वर्षातच ते अक्षरन् अक्षर खरं ठरलं.

पुढच्या रविवारी बाई स्वतः आमच्या गावात हजर. बोईसरला गाडीतून उतरून एसटीनं आल्या होत्या, खांद्याला शबनम आणि हातात रबरी चपला. मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्या तरुण पोरांना हाका मारायला सुरुवात केली. गावाला आपल्या मातीचे, पाण्याचे, झाडांचे जाणते हवेत, ते बाहेरून आणायचे नाहीत, गावातच तयार करायचे, असं त्यांच्या डोक्यात होतं. ह्यासाठी त्यांना ना कुणी पाठवलं होतं, ना कुणी पगार देणार होतं. आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जमलो. त्यातली दोन माणसं ह्या हकिकतीत येणार आहेत म्हणून त्यांची ओळख करून देते. एक उमरोळीचा वसंत, बोईसरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर होता आणि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत यायचा. त्याला पाखरांचं वेड. दुसरी मांगेलआळीतली जमुना, माझ्याच वयाची, सातवीनंतर शाळा सोडलेली, आईबरोबर मासळी विकणारी. ती आली ती शिकायला नव्हे, "वाडीवाल्यांच्या पोरी चिखलात कशा पडतात ते बघायला हाय," असं तिनंच तोंडावर सांगितलं.

तिला फार वाट बघावी लागली नाही. बांधावरून उतरून दहा पावलं टाकायच्या आत माझा पाय मांडीपर्यंत रुतला, मी तोंडावर आपटले, आणि जमुना पोट धरून हसत सुटली. मग तिनंच काखेत हात घालून मला वर काढलं. "टाच नको टेकवू. बोटं पसरव, आणि थांबू नको. थांबलीस का बुडालीस." तिला चिखलात चालता येत होतं, पण पाखरांची नावं येत नव्हती, तिच्या लेखी खंड्या, तुतारी, चिखल्या ही सगळी 'पाखरं'. वसंताला पाखरं ठाऊक, पण तिवर कुठलं आणि कांदळ कुठलं ते कळायचं नाही. मला पुस्तकातलं श्वसनमूळ माहीत होतं, आणि माझ्या पायाला टोचलेली ती काळी खुंटी म्हणजे तेच, हे बाईंनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. आणि बाईंना आमच्या खाडीतल्या वाटा माहीत नव्हत्या. असं आम्ही सगळेच एकमेकांच्या पायानं चालायला शिकलो.

संध्याकाळी मी मागच्या दारानं घरात शिरले तेव्हा बाबा ओटीवरून उठून आत आले होते. कमरेपर्यंत चिखलानं माखलेल्या पोरीकडे त्यांनी बघितलं. "कालेजात चिखल तुडवायला धाडली का तुला?"

"बाई शिकवतात, बाबा."

"काय शिकवतात? चिंबोऱ्या धरायला? उद्या स्थळ आलं तर सांगू काय, पोरगी खाडीत हाय?"

आईनं बंबात पाणी ओतलं, माझं परकर-पोलकं वेगळ्या बादलीत भिजवलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी न्हाणीच्या दोरीवर तेच जुनेर धुवून, वाळवून, घडी करून ठेवलेलं होतं. तिच्या ह्या मुकाट परवानगीवर मी दीड वर्ष खाडीत गेले. तिला विचारलं असतं तर तीही नाही म्हणाली असती. म्हणून मी कधी विचारलंच नाही.

बाईंचं शिकवणं नावं पाठ करण्यावर थांबायचं नाही. गाव असं का बसलंय, हा त्यांचा खरा विषय. आमची घरं ज्या उंचवट्यावर आहेत तो समुद्रानं आणून टाकलेल्या वाळूचा पट्टा आहे, हे त्यांनी आम्हाला विहिरीत वाकून बघायला लावून दाखवलं. वाळूच्या पोटात पावसाचं गोडं पाणी जिरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं; आमच्या वाड्या त्या सायीवर जगतात. ते ऐकल्यापासून मला बाबांची विहीर वेगळीच दिसू लागली. आणि भर पावसात एकदा त्यांनी आम्हाला गावातलं पाणी कुठून कुठे जातं ते चालत शोधायला लावलं. वाड्यांच्या पाटांतून खाजणात, खाजणातून एका अरुंद ओहळात, आणि तो ओहळ तिवरांमधून नागमोडी वळणं घेत खाडीत. बाकी वर्षभर तो ओहळ म्हणजे नुसती एक ओली घळ. अनोळखी माणूस त्याच्यावरून उडी मारून जाईल आणि वळूनही बघणार नाही. बाईंनी तो आम्हाला इतक्या वेळा चालायला लावला, की जमुना म्हणाली, "बाई, आता डोळे बांधून चालू का?" बाई म्हणाल्या, "चाल की." आणि खरंच तिच्या डोळ्यांवर पदर बांधून तिला चालवली. ती पोचली.

गावानं आधी आम्हाला हसून घेतलं. मग सवय झाली. शाळेतले गुरुजी पोरांना घेऊन यायला लागले, मांगेलआळीतल्या बायका आम्हाला बघून पाटी खाली ठेवून दोन गोष्टी सांगायच्या, दोन विचारायच्या. आणि नेमकं तेव्हाच बाबूकाकांना आमच्यात रस उत्पन्न झाला. एका रविवारी ते देवळाच्या पायरीशी आले, सोबत वसाहतीतले एक साहेब, गोरेपान, अतिशय गोड बोलणारे. त्यांनी आमच्या वर्गाचं तोंड भरून कौतुक केलं. आम्हाला पांढऱ्या टोप्या देऊ केल्या, प्रशस्तिपत्रं देऊ केली, आणि सांगितलं की कारखानदार मंडळी मिळून गावाला खाडीकाठी एक निसर्गउद्यान भेट देणार आहेत. बाकं, कारंजं, गुलमोहर. तुमच्यासारख्या तरुणांचं मार्गदर्शन हवं.

बाईंनी एकच विचारलं, "जागा कुठली?"

"ती हो, खाजणापलीकडची. पडीक."

"तिथे पडीक काही नाही," बाई म्हणाल्या. "तिवरं आहेत. गावाच्या पाण्याची वाट आहे. हवं तर आत्ता दाखवते."

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं आणि हसले. "बाई, एका झाडालाही हात लागणार नाही. माझा शब्द." बाबूकाकांनी मान डोलावली, आणि आमच्यातल्या काही पोरांनी टोप्या डोक्यावर चढवूनही पाहिल्या. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून धसका बसला आहे, आणि माझ्या नातवंडांना तो विक्षिप्तपणा वाटतो. वाटू दे.

शिमगा झाल्यावर आमच्या परीक्षा सुरू झाल्या आणि बाईंचं येणं तेवढ्यापुरतं थांबलं. तोच मुहूर्त बाबूकाकांनी आणि साहेबांनी धरला. जमुना धापा टाकत आमच्या मागच्या दाराशी आली. त्याआधी ती पाटीशिवाय कधी आमच्या दारात आली नव्हती. "शालू, तिवरं तोडतायत." मी पुस्तक तिथंच टाकलं आणि धावले. खाजणाच्या बांधावरून दिसलं ते असं: जिथे हिरवी काळी रेघ होती तिथे उजेड होता. बोईसरहून आणलेले मजूर कोयते-कुऱ्हाडी चालवत होते, मागे मुरमाचे ट्रक लागले होते. मी एका मजुराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. थकलेला, घामानं निथळणारा माणूस. तो म्हणाला, "दीदी, हमको तो बोला कचरा झाड़ी है, साफ करो. आपकी है क्या?"

आपकी है क्या! काय सांगणार होते मी त्याला? सात-बारा कुणाच्या नावाचा होता त्या झाडांचा? जमुना चिखलात बसून रडत होती. तिला मी तोवर फक्त हसताना पाहिलं होतं. भरावाखाली अर्धमेल्या निवट्या तोंडं उघडत होत्या. आणि आमचा तो नागमोडी ओहळ एका बाजूनं मुरमाखाली गेलाच होता. त्याच्या जागी सिमेंटचे मोठाले पाइप उतरवून ठेवले होते. उद्यानाला इतका जाड पाइप कशाला, हे आम्हाला कळेना. ते वसंतानं चार दिवसांनी सांगितलं. त्याच्या कारखान्याच्या मागून जी रंगीत पाण्याची चारी निघत होती तिची खोदाई आमच्याच दिशेनं सरकत होती. म्हणजे गुलमोहर वर, बाकं वर, कारंजं वर, आणि खालून ते पाणी गुपचूप आमच्या खाडीत. फुलांची चादर घालून मढं न्यावं तसं.

बाई आल्या, त्यांनी बघितलं. मग आम्ही पंचायतीत गेलो, तालुक्याला गेलो, जिथे जिथे जाता येईल तिथे गेलो. सगळीकडे एकच उत्तर: उद्यानाला विरोध करणारे निसर्गप्रेमी आम्ही आजच बघतोय! तो उपहास मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

मृग लागायच्या आधी उद्घाटन ठरलं. मुंबईहून मोठे पाहुणे, मंडप, लाउडस्पीकर, गुलमोहराची रोपं. आभार मी मानायचे, हे बाबूकाकांनी घरी येऊन बाबांना सांगितलं, मला नाही. वर मला बजावलं, "ही जागा आमी पोरांनीच निवडली, एवढं वाक्य इसरू नको. पाहुणे खूष होतील. तुज्या नोकरीचं पण बघू." बाबा म्हणाले, "बोल चार शब्द. काकाचा मान ऱ्हाईल." मी हो म्हटलं. मनात काय होतं ते मी फक्त बाईंना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "जे पाहिलंस तेवढंच बोल. शिव्या नकोत, रडणं नको."

पाहुण्यांनी रोप लावलं, टाळ्या झाल्या, आणि मला हाक आली. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जिथे बसला आहात तिथे ह्या शिमग्यापर्यंत तिवरं होती. ह्या मंडपाच्या खालून एक ओहळ जात होता. आमच्या सगळ्या वाड्यांचं, शेतांचं पावसाचं पाणी त्यानं खाडीत जायचं. तो बुजवला आहे. आता पाऊस पडला की ते पाणी कुठे जाणार, एवढं आम्हाला सांगा." माझा आवाज एकदम बारीक झाला, लाउडस्पीकर बंद केला होता. मागून जमुना ओरडली, "आणि खालून पायप कशाला टाकलाय ते पण इचारा!" मंडपात कुजबुज झाली. मला वाटलं, आता तरी हे उठतील, बघतील, कुणाला तरी जाब विचारतील. पाहुणे उठले खरे. हसत माझ्याजवळ आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, "मुलगी धीट आहे. असेच तरुण पाहिजेत!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बोलण्याला टाळ्या! मला कुणी हाताला धरून मंडपाबाहेर काढलं असतं तर इतका संताप झाला नसता. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. मी तोंड उघडून बोलते आहे, डोळे वटारलेले, आणि खाली ओळ: उद्यानाबद्दल आभार मानताना निसर्गवर्गाची विद्यार्थिनी.

त्यानंतर शिक्षा वाटण्यात आल्या. वसंताला ठेकेदारानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, कारण विचारलं तर म्हणाला, "पाखरं बघ जा." बाईंना वरून समज मिळाली, की प्राध्यापकांनी गावागावांत जाऊन पोरांना भडकवणं शोभत नाही, रविवारी देखील नाही. बाई येईनाशा झाल्या. आमच्या घरात बाबूकाकांनी पाय टाकणं सोडलं आणि बाबांनी माझ्याशी बोलणं. ताटावर बसलं की फक्त वाट्यांचे आवाज. आई मध्येच म्हणायची, "कालवण घे," आणि ते नेमकं कुणाला म्हणाली ते आम्हा दोघांनाही कळायचं नाही.

आषाढातल्या अमावस्येला सगळं वर आलं. आठवडाभर झड लागलेली, त्यात उधाणाची भरती. खाजणातल्या पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. ते मागे मागे सरकत वाड्यांत शिरलं. नुकतीच लावणी झालेलं भात पाण्याखाली गेलं. आमच्या सुपारीच्या बुंध्यांशी गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यावर जांभळट तवंग. सकाळी बाबांनी विहिरीत पोहरा सोडला, वर काढला, वास घेतला आणि पोहरा हातातच धरून उभे राहिले. घरची म्हैस त्या पाण्याला तोंड लावीना. गावातले पुरुष देवळापाशी जमले. कुणी म्हणे पंप आणा, कुणी म्हणे तालुक्याला कळवा. बाबूकाका म्हणाले, "दोन दिवसांत वसरेल आपोआप."

"नाय वसरणार," जमुना म्हणाली. ती आणि मी भिजत मागे उभ्या होतो. पुरुषांच्या घोळक्यात बोलायची रीत नव्हती, पण ती बोलली. "वाटच नाय त्याला. ओहोटी लागली का तीन ठिकाणी भराव फोडायला हवा. कुठं ते आमाला ठावूक हाय."

"पंचायतीच्या बागेला हात लावाल तर याद राखा," बाबूकाका म्हणाले.

आणि मग बाबा, जे दीड-दोन महिने माझ्याशी बोलले नव्हते, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "शालू, तुला नक्की म्हायत हाय?"

"हो बाबा."

ते घरी गेले आणि पहार-कुदळ घेऊन आले. भर दुपारी भरती उतरू लागली तसे आम्ही उद्यानात पोचलो. गुलमोहर आडवे झाले होते. ओहळाचं नामोनिशाण नव्हतं, सगळीकडे सारखा सपाट मुरूम आणि पाणी. पण जमुनानं क्षणभर डोळे मिटले, बांधाच्या कोपऱ्यापासून चालत गेली, एका बाकापाशी थांबली आणि म्हणाली, "हितं." मी दुसरी जागा दाखवली, वसंतानं तिसरी, तो उमरोळीहून भिजत आला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बाबांनी पहिला घाव घातला. हळूहळू गावातले बाकीचे उतरले, मांगेलआळीतले उतरले, बायकांनी घमेली घेतली. दोन हात खाली गेल्यावर काळा ओला चिखल लागला आणि पाण्यानं आपली वाट ओळखली. आधी बोटभर धार, मग हातभर, मग कडा कोसळवत, मुरूम ओढत, लाल-जांभळा लोंढा खाडीकडे सुटला. तिसऱ्या ठिकाणी पाइप उघडा पडला. तोंडाला तडा गेलेला, त्यातून ते पाणी पाझरतच होतं. गावानं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. आईनं पदर नाकाला न लावता त्या पाइपाकडे टक लावून बघितलं, आणि मग ती माझ्यासारखीच चिखलानं माखलेली घरी परतली.

भाताची लावणी पुन्हा करावी लागली. विहीर सुधारायला पुढचे दोन पावसाळे गेले. आणि आमच्यावर तक्रार झाली: सार्वजनिक उद्यानाची नासधूस. आरोपींत मी, जमुना, वसंत, आणि चक्क वैद्य बाई, ज्या त्या दिवशी पालघरला आपल्या घरात होत्या! पाइप टाकणाऱ्यावर तक्रार नाही, तिवरं तोडणाऱ्यावर नाही. हवालदारानं आम्हाला बोलावलं तेव्हा बाबा बरोबर आले. म्हणाले, "पयला घाव माजा हाय. माजं नाव पयलं घाला. पोरीनं नुसती वाट दाखवली." हवालदार म्हणाला, तक्रारीत तुमचं नाव नाही. बाबा म्हणाले, "म्हणून तर सांगतो." त्यांचं नाव घातलं गेलं. पुढे पालघरच्या कोर्टात तारखांमागून तारखा झाल्या. आई भाकरी-बोंबील बांधून द्यायची, आणि कोर्टाच्या आवारात बाई, जमुना, वसंत, बाबा आणि मी ते वाटून खायचो. पाइप काही महिन्यांनी उचलला गेला. बंद झाला नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात नेऊन सोडला. ह्या गोष्टीचा शेवट लोकांना सांगताना मी इथपर्यंत येते तेव्हा ते म्हणतात, चला, तुमची खाडी तर वाचली! वसंताला कारखान्यात पुन्हा कुणी घेतलं नाही, त्यानं उमरोळी स्टेशनबाहेर सायकलचं दुकान टाकलं. बाईंनी नोकरी संपल्यावर आमचा वर्ग पुन्हा सुरू केला, आमच्याच ओटीवर.

निवडणुका आल्या तशी तक्रार मागे घेतली गेली. बाबूकाका कितीतरी दिवसांनी आमच्याकडे आले, पांढरं शुभ्र धोतर, हातात पेढे. "झालं गेलं खाडीला मिळालं," ते म्हणाले. "बाग परत नीट करू. ह्या बारीला पोरांना इचारून करू." बाबांनी पेढा घेतला नाही. उठून म्हणाले, "बाबू, चल. आदी खाडीत उतर. तिथं काय काय हाय ते पोर दाखवंल तुला. मग बोलू."

आम्ही तिघं बांधावर गेलो. ओहोटी होती. फोडलेल्या जागी ओहळाच्या दोन्ही कडांना तिवरांची कोवळी रोपं आपली आपण रुजली होती, दोन दोन पानांची. बाबूकाका काठावर उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. बाबांनी मात्र धोतर खोचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या खाडीत पाय टाकला. टाच टेकवली आणि गुडघ्यापर्यंत गेले. "बोटं पसरवा, बाबा, थांबू नका," मी म्हटलं. ते चार पावलं सावरत गेले, वाकले, एका काटेरी पानांच्या निळ्या फुलाला हात लावला आणि मागे वळून विचारलं, "शालू, ह्याला काय म्हंतात गं?"

"मरांडी," मी सांगितलं. बांधावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.